हीथ दर वर्षी तपकिरी पडून मरतं? नवं रोप लावण्याआधी जुन्याची मुळं पाहा

हीथ म्हणजे बारीक पानांचं, बारीक फुलांचं सदाहरित झुडूप. रोप आणलं तेव्हा फुलांनी लगडलेलं होतं. लावल्यावर दोन-अडीच महिने छान गेले. मग एका बाजूची एक फांदी विटकरी दिसायला लागली, आठवड्याभरात अर्धं रोप तसं झालं, आणि महिना संपायच्या आत हात लावला की पानांचा भुगा. पाणी वाढवलं, खत घातलं, काही फरक पडला नाही. पुढच्या मोसमात त्याच खड्ड्यात नवं रोप लावलं आणि पुन्हा तोच प्रकार.

माझ्याकडे हे सलग तीन वर्षं झालं. तिसरं रोप गेलं तेव्हा ते टाकून देण्याआधी बादलीत धुऊन त्याची मुळं नीट पाहिली, आणि कारण तिथेच सापडलं. तेव्हापासून कुणाचं हीथ गेलं की माझं पहिलं सांगणं हेच असतं: उपटा, धुवा, मुळं पाहा. नवं रोप आणायचं नंतर.

हीथ नाजूक असतं, बागेत टिकतच नाही, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांवर वारा थांबत नाही, मातीत कस नसतो, आणि तिथे हेच झुडूप मैलोन् मैल पसरलेलं असतं. तिथे त्याला आम्लधर्मी माती, थंड हवा आणि पावसाचं पाणी मिळतं. बागेत आपण त्याला चुना, खत आणि भर दुपारची तापलेली कुंडी देतो. बहुतेक दुखणी या फरकातूनच येतात.

खरंच मेलंय का, ते आधी तपासा

काही वेळा रोप ठणठणीत असतं आणि आपणच घाबरतो. हीथची फुलं सुकली तरी लगेच गळत नाहीत, तपकिरी होऊन कितीतरी दिवस फांदीलाच राहतात. लांबून पाहिलं तर सगळं झुडूप वाळल्यासारखं दिसतं. जवळ जाऊन त्या सुक्या फुलांच्या खालची पानं पाहा. ती हिरवी असतील तर काळजीचं कारण नाही. दुसरा गैरसमज रंगाचा. ‘फायरफ्लाय’, ‘रॉबर्ट चॅपमन’, ‘विकवार फ्लेम’ अशा वाणांची पानं थंडीत मुद्दामच केशरी, तांबडी, विटकरी होतात. त्यासाठीच ते वाण लावतात.

शंका असेल तर नखाने किंवा चाकूच्या टोकाने फांदीची साल किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. शेंड्याकडून सुरुवात करून बुडापर्यंत तीन-चार ठिकाणी असं पाहत या. जिथपर्यंत हिरवं आहे तिथपर्यंत आशा आहे. बुडाशीही कोरडं आणि तपकिरी असेल, तर रोप गेलं.

ते नेमकं कधी गेलं, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. तेरड्याला पाणी कमी पडलं की तो दुपारीच मान टाकतो आणि आपण झारी घेऊन धावतो. हीथ तसं काही सांगत नाही. त्याची पानं सुईसारखी, जाड सालीची, कडा खाली मुडपलेली; ती लवत नाहीत, सुरकुतत नाहीत. मुळं मेल्यावरही रोप बरेच दिवस, थंड हवा असेल तर काही आठवडे, हिरवंच दिसतं. म्हणून रंग बदलल्यावर ‘या आठवड्यात काय चुकलं’ हे शोधत बसू नका. महिनाभर मागे जा. तेव्हा तुम्ही गावाला गेला होता का? सलग चार दिवस ऊन तापलं होतं का? की धो धो पाऊस होऊन वाफ्यात पाणी साचलं होतं?

तुमच्याकडे कोणतं हीथ आहे

हे ओळखल्याशिवाय पुढचा कोणताच उपाय नीट लागू पडत नाही, कारण हीथ या एका नावाखाली बरीच वेगवेगळी झुडपं विकली जातात.

एक फांदी डोळ्यांजवळ धरा. पानं खवल्यांसारखी बारीक, समोरासमोर, चार रांगांत फांदीला चिकटून बसलेली असतील तर ते कॅलुना, म्हणजे हेदर. कॅलुनाच्या प्रजातीत एकच जात आहे, ‘कॅलुना व्हल्गॅरिस’. पूर्वी ते एरिकातच गणलं जायचं. १८०२ मध्ये सॅलिसबरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं. पानं सुईसारखी असून तीन-तीन, चार-चारच्या वर्तुळात लागली असतील तर ते एरिका. एरिकाच्या ८०० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या. फुलांतही फरक आहे. एरिकाचा रंग पाकळ्यांच्या छोट्या घंटेचा असतो, तर कॅलुनाच्या फुलात जे रंगीत दिसतं ते मुख्यतः निदलपुंजाचं, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरच्या दलांचं असतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘एरिका ग्रॅसिलिस’मध्ये. छोट्या कुंडीत, गुलाबी घंटांनी गच्च भरलेलं हे रोप शरद ऋतूत सगळीकडे विकायला येतं. ते केपचं आहे, त्याला कडाक्याची थंडी सोसत नाही, आणि पारा शून्याखाली गेला की ते जातं. थंड हवेच्या बागेत ते जमिनीत लावून पुढच्या वर्षाची वाट पाहिली असेल, तर तुमचं काही चुकलेलं नाही. ते झुडूप त्या हवेसाठी नव्हतंच. तसंच ‘बड-ब्लूमर’ कॅलुनाच्या कळ्या कधीच उमलत नाहीत. ‘कळ्या आल्या पण फुलल्या नाहीत’ ही तक्रार त्या रोपाबद्दल असेल तर तो त्याचा गुणच आहे, म्हणून तर त्याचा रंग महिनोन् महिने टिकतो.

बागेसाठी सगळ्यात सोशिक म्हणजे ‘एरिका कार्निया’, आल्प्सच्या पट्ट्यातलं, हिवाळ्यात फुलणारं. आणि ‘एरिका डार्लेएन्सिस’. हे दुसरं म्हणजे कार्निया आणि ‘एरिका एरिजेना’ यांचा संकर. तो १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये डर्बिशरमधल्या डार्ली डेल इथल्या एका रोपवाटिकेत आपोआप उगवला, म्हणून हे नाव. ही दोन्ही मातीतला थोडाफार चुना चालवून घेतात. कॅलुना, ‘एरिका सिनेरिया’ आणि डॅबोशिया (हीथच्याच कुळातलं झुडूप) मात्र चुना खपवून घेत नाहीत.

आता उपटा

माझं ते तिसरं रोप उपटलं तेव्हा जोर लावावाच लागला नाही. ते अलगद वर आलं आणि खाली मुळांचा गोळा जसाच्या तसा कुंडीच्या आकाराचा, तळाशी कुंडीच्या भोकांच्या खुणांसकट. पाच महिने जमिनीत राहूनही एकही मूळ बाहेरच्या मातीत शिरलं नव्हतं. भोवतालची माती ओली होती, बोटांना चिकटत होती. गोळा हातात घेतला तर बुचासारखा हलका. मधोमध फोडला तर आतून पीटची (दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाची) कोरडी भुकटी सांडली. म्हणजे मी पाणी रोज घालत होतो, पण ते सगळं गोळ्याच्या बाजूने निघून जात होतं. रोप ओल्या मातीत तहानेने मेलं.

हे असं का होतं ते सांगतो, कारण हीथ मरण्याचं माझ्या पाहण्यातलं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. हीथची शेवटची मुळं ०.१ मिलिमीटरहूनही बारीक असतात. इतर झाडांच्या मुळांना असतात तशी मूलरोमं त्यांना नसतात. त्याऐवजी त्या बारीक मुळांच्या पेशींमध्ये एक बुरशी राहते, आणि नापीक मातीतलं नत्र-स्फुरद ओढून आणण्याचं काम ती करते. ही सगळी व्यवस्था वरच्या वीतभर मातीत असते. खोल जाऊन पाणी शोधणारं सोटमूळ प्रौढ झुडपालाही नसतं. त्यात रोपवाटिकेतलं माध्यम बहुतेक वेळा निव्वळ पीटचं. पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी शोषत नाही, उलट झटकून टाकतं. वरून झारीने कितीही घाला, आतला गोळा कोरडाच.

रोप अजून जिवंत असेल तर कुंडीसकट किंवा गोळ्यासकट बादलीत बुडवा. बुडबुडे यायला लागतील. ते पूर्ण थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, तसंच ठेवा, मग काढून निथळू द्या. बादलीतून काढलेला गोळा दुप्पट जड लागतो. ते वजन एकदा हाताला कळलं की पुढे रोप उचलूनच कळतं की त्याला पाणी हवंय की नाही. जमिनीतल्या रोपासाठी बोट बाजूच्या मातीत घालू नका. खोडाला लागून, मूळ गोळ्यातच घाला. तिथे वाफसा हवा, चिखल नको आणि भुकटीही नको. पहिलं संपूर्ण वर्ष ही तपासणी चालू ठेवावी लागते, हिवाळ्यातसुद्धा. हीथ सदाहरित आहे. माती गोठली की मुळांना पाणी मिळत नाही आणि कोरड्या वाऱ्यात पानं मात्र पाणी सोडत राहतात.

मुळं काळी-तपकिरी आणि बुळबुळीत निघाली तर

ही मूळकूज. धुताना मुळांची बाहेरची साल बोटांत निघून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. खोड जमिनीला टेकतं तिथे साल खरवडा. निरोगी खोड आतून हिरवट-पांढरं असतं, कुजलेलं तांबूस तपकिरी, दालचिनीच्या रंगाचं. याचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे फायटोफ्थोरा, विशेषतः ‘फायटोफ्थोरा सिनामोमी’. त्याचं वर्णन पहिल्यांदा १९२२ मध्ये सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवरून झालं, म्हणून हे नाव. तो खरी बुरशी नाही, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारा वेगळाच जीव आहे. त्यामुळेच साचलेलं पाणी आणि उबदार माती त्याला फार मानवते.

इथे मला स्पष्ट सांगायलाच हवं की अर्धं रोप गेल्यावर फवारणीने ते परत येत नाही. रोप आणि त्याच्या भोवतीची माती काढून टाका, खत करायच्या ढिगात घालू नका, कुदळ-खुरपं धुऊन घ्या. फायटोफ्थोरा मातीत वर्षानुवर्षं राहतो, म्हणून त्याच खड्ड्यात पुन्हा हीथ, अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन किंवा कॅमेलिया लावू नका. ‘त्याच जागी दर वर्षी मरतं’ यामागचं कारण कितीदा तरी एवढंच असतं. जागा बदला आणि नव्या जागी निचरा तपासा: वीत-दीड वीत खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी काही तासांनीही तसंच उभं असेल तर तिथे गादीवाफा केल्याशिवाय हीथ लावण्यात अर्थ नाही.

मुळं चांगली आहेत, पण शेंडे पिवळे पडताहेत

मग संशय चुन्यावर घ्या. मातीचा किंवा पाण्याचा सामू (पीएच) चढला की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. मोठ्या पानांच्या झाडात पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं चित्र दिसतं. हीथच्या एवढ्याशा पानांत शिरा कुठल्या दिसायला! तिथे फक्त कोवळे शेंडे फिकट पिवळे होतात, जुनी पानं आधी हिरवीच राहतात, वाढ खुंटते. हीथला साधारण ४.५ ते ५.५ सामू मानवतो; कार्निया आणि डार्लेएन्सिस सातच्या थोडं वरही तग धरतात.

घरच्या घरी एक झटपट चाचणी होते. मूठभर सुक्या मातीवर व्हिनेगर घाला. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे आणि तिथे कॅलुना जगणार नाही. फसफसली नाही म्हणजे माती आम्लधर्मी आहे असं मात्र धरून चालू नका, त्यासाठी सामू मोजायची पट्टी किंवा किट वापरा. भिंतीच्या कडेची माती तपासाच. बांधकामाचा सिमेंट-चुना तिथे गाडलेला असतो.

माती चांगली असूनही हा त्रास कुंडीत झाला तर कारण बहुधा पाणी. ज्या पाण्याने किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो, तेच पाणी कुंडीतल्या पीटचा सामू आठवड्यागणिक चढवत असतं. कुंडीच्या काठावर पांढरट कड दिसते का पाहा. पावसाचं पाणी साठवून घालणं हा यावरचा सगळ्यात चांगला उपाय. पाणी कमी साठत असेल तर ते कुंड्यांसाठी राखून ठेवा.

तात्पुरतं पिवळेपण चिलेटेड लोहाने, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातल्या लोहाने जातं, आणि चुन्याच्या मातीत चालतो तो ईडीडीएचए प्रकार. गंधकाची भुकटी सामू उतरवते, पण मातीतल्या जीवाणूंनी तिचं आम्ल करावं लागतं आणि त्याला महिने लागतात. मातीत मोकळा चुना असेल तर गंधक त्याच्यापुढे पुरं पडत नाही. तिथे कुंडी किंवा गादीवाफाच बरा. वापरलेली कॉफीची भुकटी घातली की माती आम्ल होते असं सांगतात, पण पाण्यात उकळून गेलेल्या भुकटीत फारसं आम्ल उरत नाही. कोकोपीटवरही विसंबू नका. ते छान ओल धरतं, पण पीटइतकं आम्लधर्मी नसतं आणि नीट धुतलेलं नसेल तर त्यात क्षार असतात. लाकडाची राख आणि हाडांचं खत तर हीथच्या आसपासही नको. राखेने सामू चढतो आणि हाडांच्या खतात चुना आणि स्फुरद दोन्ही असतात. खताची हौस हीथवर भागवू नये. चांगल्या आम्लधर्मी मातीत लावलेल्या हीथला वेगळं खत न घातलेलंच बरं.

मधून टक्कल, कडेला हिरवं

हे मरणं नाही, छाटणी चुकल्याचं किंवा न केल्याचं लक्षण आहे. डोंगरावर मेंढ्या हीथचे शेंडे चरतात, आणि स्कॉटलंडमध्ये जुनी झुडपं ठरावीक वर्षांनी जाळून नवी येऊ देतात. कुणीच हात लावला नाही तर रानातलंही झुडूप म्हातारपणी मधून उघडं पडतं आणि फांद्या बाहेरच्या बाजूला लोळतात. बागेत मेंढीचं काम आपल्या सिकेटरने करायचं.

एकच नियम जपा: पानं असलेल्या भागातच कापा. पानं गळून उघड्या पडलेल्या जुन्या लाकडात कापलं तर कॅलुना आणि बहुतेक एरिका तिथून पुन्हा फुटत नाहीत. झाडासारखं वाढणारं ‘एरिका आर्बोरिया’ हा अपवाद; ते बुडापासून नव्याने फुटतं. कॅलुना आणि उन्हाळ्यात फुलणाऱ्या एरिकांची छाटणी वसंताच्या सुरुवातीला, गेल्या वर्षीच्या फुलोऱ्याच्या जरा खाली. हिवाळी कार्निया आणि डार्लेएन्सिसची फुलं ओसरल्याबरोबर, आणि हलकीच. ती लांबवली तर पुढच्या हंगामाच्या कळ्या छाटल्या जातात, आणि मग ‘झाड छान आहे पण फुलत नाही’ म्हणून आपण विचारत फिरतो.

टक्कल आधीच पडलं असेल तर झुडूप फेकू नका. मधल्या उघड्या फांद्यांत वाळू आणि पीटचं मिश्रण भरा, फक्त हिरवे शेंडे वर राहतील इतकं. ते ओलसर ठेवा. पुढच्या वर्षापर्यंत गाडलेल्या फांद्यांना मुळं फुटतात, आणि त्या मुळांसकट कापून नवी रोपं होतात. दाब कलमच हे, फक्त एकाच वेळी वीस फांद्यांचं.

पुन्हा लावताना

रोप आधी बादलीत बुडवून घ्या. मग मुळांचा गोळा बोटांनी मोकळा करा. इथे हात अडखळतो, कारण मुळं तुटताना दिसतात, तरी करा. बाहेरचं जाळं घट्ट असेल तर बाजूने तीन-चार उभे चर पाडा. माझी तिन्ही रोपं या एका कामाच्या आळसाने गेली. खोडाचा उघडा भाग झाकला जाऊन खालची पानं मातीला टेकतील इतकं खोल लावा. इतर झुडपांना हे मानवत नाही, हीथला मानवतं, त्या फांद्याही पुढे मुळं धरतात. दोन रोपांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा. जागा उन्हाची आणि मोकळ्या हवेची. वर पाइनच्या सालीचं आच्छादन, खोडाला थोडी जागा सोडून.

दीड-दोन महिन्यांनी रोप खोडाशी धरून अगदी हलकं वर ओढून बघा. सैल लागलं आणि गोळ्यासकट हललं तर मुळं अजून बाहेर पडलेली नाहीत. त्या दिवसापासून पुन्हा गोळ्यात बोट घालून पाणी द्यायला लागा. मातीने धरून ठेवलं असेल तर रोप लागलं.